झेंडूच्या गोण्या आणि चार कोऱ्या गाड्या

मोटारसायकल बांधणं ही कला आहे, आणि नव्वदीच्या दशकात नाशकात ती माझ्याइतकी कुणाला येत नव्हती. हे जरा नम्रपणे सांगता आलं असतं, पण मग ते खोटं झालं असतं.

मी तेव्हा द्वारका चौकाजवळ एका वाहतूकवाल्याच्या गोदामात नोकरीला होतो. बदली झालेल्या साहेब लोकांचं बिऱ्हाड आम्ही गावोगाव पाठवायचो. कपाट, पलंग, शिवणयंत्र यांचं मला कधी काही वाटलं नाही. कपाट कसंही बांधा, उतरवताना ते कपाटच असतं. मोटारसायकलला मात्र चाकं दोनच, आणि पडायची हौस दांडगी. लोक तिला स्टँडवर उभी करून बांधतात. पहिल्याच खड्ड्यात स्टँड दगा देतो, आरसा फुटतो आणि मग म्हणतात, रस्ता वाईट होता. रस्ता वाईटच असतो, तो नाशिक जिल्ह्यातला आहे. आपण त्याच्यावर विसंबून बांधायचं नसतं.

माझी पद्धत सरळ. स्टँड वर. गाडी तिच्या चाकांवर उभी. पुढचं चाक फळीला टेकवायचं, हँडलच्या दोन्ही अंगांनी दोर खाली कड्यांमध्ये ओवायचा. मग एकाने गाडीवर बसून सगळं वजन हँडलवर टाकायचं, आणि पुढचे शॉकअप दबले की दुसऱ्याने तेवढ्यात दोर आवळायचा. आता गाडी वर यायला बघते आणि दोर तिला येऊ देत नाही. या ओढाताणीवर ती दोनशे मैल ताठ उभी राहते. संसाराचंही तसंच आहे. माझी बायको म्हणते, हे वाक्य मी जाईन तिथे सांगतो. सांगतो.

तर या माझ्या कलेची एकदा खरीखुरी परीक्षा झाली, ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे.

ताईला वाघेरा घाटापलीकडच्या हरसूलला दिली होती. दाजी तिथल्या आश्रमशाळेवर शिक्षक. ताईने बाजारपेठेत सायकली भाड्याने द्यायचं दुकान टाकलं, ते चाललं, आणि एक दिवस तिने जाहीर केलं की ती आता मोटारसायकली विकणार. हरसूल हसलं. जीपच्या टपावर बसून जाणाऱ्या गावात मोटारसायकल कोण घेणार? नाशिकचा मोठा विक्रेताही मनातून हसलाच असणार, पण तो व्यवहारी होता. तो तिला म्हणाला, "दसऱ्याला चार गाड्या विकून दाखवा. चारही गेल्या तर हरसूलची एजन्सी तुमची. एक जरी परत आली तर आपण हा विषय विसरून जाऊ."

ताई सगळा पावसाळा छत्री घेऊन वाड्या-पाड्यांवर हिंडली आणि चार गिऱ्हाइकं उभी केली. तिघांना काळी गाडी हवी होती, एकाला लाल. लाल हवी असलेला माणूस हरसूलचा किराणा दुकानदार. गावात त्याचा शब्द चाले, आणि तो स्वतः त्या शब्दावर फार खूश असे. त्याने ताईला बजावून ठेवलं होतं, "दसऱ्याची गाडी म्हणजे कोरी पाहिजे. काटा शून्यावर, आणि अंगावर एक रेघ नको. रेघ दिसली तर मी पाठ फिरवणार. आणि मी पाठ फिरवली तर बाकीचे तिघं तोंड दाखवतील असं समजू नका."

काटा शून्यावर, म्हणजे गाड्या चालवत न्यायची सोय संपली. चार गाड्यांसाठी वाघेरा घाटात ट्रक घालायला कुणी तयार नव्हतं. ताईने एसटीडी बूथवरून मला फोन केला.

"गाड्या तू आणायच्या."

"ताई, तू निर्धास्त राहा. मी अशा बांधतो की..."

"मिनिट संपत आलंय. आधी तुझं तोंड बांध, मग गाड्या."

मखमलाबादला माझ्या ओळखीचे एक फूलवाले शेतकरी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणे. त्यांचा ट्रॅक्टर होता, ट्रॉली होती आणि दसऱ्यासाठी तोडलेला ढीगभर झेंडू होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशकात झेंडू रस्त्यावर ओतलेला असतो, भाव मिळत नाही, तेव्हा अण्णा फुलं घेऊन हरसूलला निघालेच होते. मी म्हणालो, गाड्याही घेऊ. ते म्हणाले, घेऊ.

खंडेनवमीची सकाळ होती. अण्णांच्या घरच्यांनी ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या दोरांच्या वेटोळ्यालाही वाहिलं. दोरांचा हा सन्मान मला योग्य वाटला.

ट्रॉलीत चार गाड्या शेजारी शेजारी बसवल्या, एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. अडचण एकच होती. कड्या ट्रॉलीच्या काठाला. काठाच्या दोन गाड्यांना त्या पोचत होत्या, मधल्या दोघींना नव्हत्या. मधल्यांना शेजारणींच्याच गळ्यात बांधणं भाग होतं, आणि त्या एकमेकींना घासू नयेत म्हणून मध्ये काहीतरी ठासून भरायला हवं होतं.

"अण्णा, जुन्या गोधड्या असतील तर काढा."

"गोधड्या कशाला? झेंडूच्या गोण्या घाल ना. गोणी मऊ. गाडीला रेघ उठायची नाही, आणि हरसूलला उतरलो की उशा विकून मोकळे. गोधडी विकता येते का?"

हा मुद्दा मला खोडता येईना. खरं सांगायचं तर आजही खोडता येत नाही. कल्पना उत्तमच होती. आम्ही गोण्या ठासल्या, दोर आवळले, दोरांत बांबूचं दांडकं घालून पीळ भरला. अण्णांनी एका दोराला टिचकी मारली तर तो तंबोऱ्यासारखा बोलला. मी मागे सरून, कमरेवर हात ठेवून ते सगळं पाहिलं. अण्णाही कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आमच्यासारखी बांधणारी माणसं जगात आणखी असतील, पण त्या सकाळी मखमलाबादेत तरी दुसरी नव्हती.

पुढे द्राक्षांचे मळे लागले. छाटणी झालेली होती, तारांवर नुसत्या काड्या. रस्त्याला खड्डे होते, त्यात ट्रॉली उडत होती, पाठीमागून झेंडूचा वास येत होता. अण्णा ट्रॅक्टर हाकत होते आणि मी चाकावरच्या पत्र्यावर बसून त्यांना संसार आणि शॉकअप यांची ती गोष्ट सांगत होतो. मागे वळून बघायचं कुणालाच सुचलं नाही. ते गिरणाऱ्यात सुचलं, चहाला थांबल्यावर.

चारही गाड्या एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून झोपल्या होत्या.

झेंडू म्हणजे निम्मी हवा असते. खड्ड्यांनी ती सगळी बाहेर काढली होती. सकाळी टम्म फुगलेल्या गोण्या आता पोट गेलेल्या पैलवानासारख्या लोंबत होत्या, आणि गोणीच्या जिवावर ताणलेले दोर सैल पडून हेलकावे खात होते. एका काळीचं हँडल लाल गाडीच्या टाकीपासून दोन बोटांवर होतं. दोन बोटं, आणि पुढे वाघेरा घाट.

"घासलं नाही अजून," अण्णा वाकून बघत म्हणाले.

"पण फुलं बसली," मी म्हणालो.

"फुलं बसणारच की. दिवसभर उभी कशी राहतील?"

मी चहा घेतला. घाबरलेल्या माणसाला बांधता येत नाही, म्हणून मी घाबरत नाही.

गिरणारे म्हणजे मजुरांचं गाव. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या कामाला पेठ-हरसूलकडची माणसं तिथे येऊन राहतात. त्या दिवशी ती सगळी सणाला घरी निघालेली होती. जीपा गच्च. माणसं टपावर, बोनेटवर, मागच्या शिडीला लटकलेली, आणि तरी रस्त्याच्या कडेला तेवढीच उभी. प्रत्येकाजवळ त्याचं अंथरूण-पांघरूण गुंडाळलेलं होतं.

त्यातला एक म्हातारा बाबा अण्णांजवळ आला. "हरसूल का?"

"हरसूल. पण जागा नाही."

"जागा लय हाय," बाबा ट्रॉलीत डोकावून म्हणाला. "गाड्याच निजल्यात."

मी त्याच्या हातातल्या वळकटीकडे पाहिलं. गोधडी. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावर गोधडी. तिच्या नवऱ्याच्या काखेत गोधडी. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि नाटकातल्या राजासारखा हात वर केला.

"चढा सगळे. भाडं नाही. पण काम करावं लागेल."

आधी दोर सोडून नव्याने आवळले. गोण्या काढून मागे टाकल्या. त्यांच्या जागी गोधड्या ठासल्या. अण्णांनी दुसरीकडे तोंड केलं, मी नुसतं गुणगुणलो. तरी मधल्या दोन गाड्यांचा मला भरवसा वाटेना. मग मी माणसं नेमली. या काळीला तू पुढून, तू मागून. बाबा, तुम्ही हँडल. लाल गाडीला ते नवरा-बायको दिले. तो तिशीचा, बारीक चणीचा. ती त्याच्याहून एक बोटभर उंच, हातात सणासाठी नुकत्याच भरलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या.

"टाकीला मिठी मारायची," मी तिला सांगितलं. "लहान पोर समजा."

"लहान पोर एवढं जड नसतं," ती म्हणाली, पण मिठी मारली.

अण्णा सावकाश निघाले. मीही आता ट्रॉलीत उभा होतो, हुकूम सोडायला. घाटाच्या तोंडाशी बाबाने विचारलं, "कुणाच्या गाड्या म्हनायच्या या?"

"हरसूलला सायकलवाल्या ताई आहेत ना, त्यांच्या दुकानाच्या. मी त्यांचा भाऊ."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "मग यातली एक आमची हाय की. आम्हीच सांगितली ताईला. काळी."

आता मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चारांतलं एक गिऱ्हाईक मी स्वतः दुसऱ्याच्या गाडीला जुंपलं होतं. मी टोकाची काळी दाखवली. "ती तुमची."

नवऱ्याचा जीव तिकडे ओढला गेला. तो हात सोडून निघालाच. तेवढ्यात पहिलं वळण आलं, ट्रॉली कलली आणि लाल गाडीने सगळा भार बायकोच्या अंगावर टाकला.

"हलू नका," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "हिला धरा आधी."

"पण आपली तिकडं..."

"तिकडची तिकडं उभी हाय. ही इथं पडतेय."

तो परत आला. आणि पुढचा सगळा घाट ती दोघं किराणा दुकानदाराची गाडी कवटाळून उभी होती. वळणावळणाला तिच्या बांगड्या किणकिणत होत्या. मागे गोण्यांचं तोंड सुटलं होतं आणि झेंडू साऱ्या ट्रॉलीभर सांडला होता, माणसांच्या डोक्यांत, टाक्यांवर, चाकांच्या तारांत. बाबा म्हणाला, "एवढी फुलं आमच्या लग्नात नव्हती." उतार संपला तेव्हा एकही गाडी आडवी पडली नव्हती. मी सगळ्यांचं अभिनंदन केलं, आणि त्यात माझंही.

ताई दुकानाबाहेर उभी होती. ट्रॉली उंचवट्याला मागून लावली, फाळका टाकला, गाड्या एकेक करून ढकलत जमिनीवर उतरवल्या. माणसं आपापल्या गोधड्या झटकून पांगली. नवरा-बायको जाताना लाल गाडीकडे एकदा बघून गेले. ताईने ओलं फडकं घेतलं आणि फुलांचा चिकटा पुसायला लागली. पहिली काळी, स्वच्छ. दुसरी, तिसरी. मी दाजींना घाटाची गोष्ट रंगवून सांगत होतो. मग मला जाणवलं की फडकं थांबलं आहे.

लाल टाकीच्या डाव्या अंगाला एक रेघ होती. केसाएवढी, वाकडी, नखाच्या चंद्रकोरीसारखी. गाडी घासल्याची नव्हतीच. गाड्या मी बांधलेल्या होत्या, घासल्या असत्या तर मला कळलं असतं. ही बांगडीची होती.

ताई काहीच बोलली नाही. ताई बोलते तोवर आमच्या घरात कुणी घाबरत नाही.

"ताई," मी म्हणालो, "उद्या गाडीला हार घालायचाच आहे. झेंडू रगड आहे. हार जरा डावीकडून ओढून बांधला तर..."

"हार परवा वाळेल."

"परवापर्यंत गाडी त्याच्या घरी गेलेली असेल."

"पण मी इथेच असेन ना? मला दुकान परवाही उघडायचंय." तिने फडकं पिळलं. "मीच दाखवते त्याला. तू उद्या मध्ये तोंड घालू नकोस."

हा माझ्यावरचा मोठा अन्याय होता, तरी मी कबूल झालो.

दसऱ्याच्या सकाळी चारही गिऱ्हाइकं आली. किराणा दुकानदार इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, सोबत नारळ घेतलेले चार-पाच लोक. नवरा-बायको आली, तिच्या हातात कालच्याच हिरव्या बांगड्या. ताईने दुकानदाराला सरळ लाल गाडीजवळ नेलं, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही वाटेत उठली. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे म्हणून सांगते."

दुकानदाराने रेघ पाहिली. मग वाकून पाहिली. मग सोबतच्या लोकांना वाकवून दाखवली.

"मी काय म्हणालो होतो?"

"रेघ नको म्हणाला होतात."

"मग? सणाला डागी गाडी दाराशी नेऊ?" त्याने नारळ सोबत्याच्या हातात दिला आणि खरंच पाठ फिरवली.

बाकीची दोन गिऱ्हाइकं आपापल्या काळ्या गाड्यांकडे एकदम संशयाने बघायला लागली. एकाने बोटाला थुंकी लावून टाकी चोळली. दुसरा खाली बसून चाकाची रिम तपासू लागला. ताईचा चेहरा मी लहानपणापासून ओळखतो. तिचा सगळा पावसाळा त्या रेघेतून वाहून चालला होता आणि ती हात जोडून उभी होती. मी तोंड न घालण्याचं वचन दिलेलं होतं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड कामगिरी.

तेवढ्यात ती उंच बाई पुढे आली. तिने मनगट टाकीला लावलं. बांगडी रेघेवर बरोबर बसली.

"ही माझ्या बांगडीची हाय," ती म्हणाली. "घाटात उठली. ही आम्हाला द्या, काळी त्यांना जाऊ द्या."

नवरा हळूच म्हणाला, "आपण काळी सांगितली होती."

"तुम्ही सांगितली होती. धरली मी."

दुकानदार थांबला. "पण लाल माझी होती."

"होती," ती म्हणाली.

"या काळीवर रेघ नाही," ताई त्याला म्हणाली. "काटा शून्यावर. तुमच्या अटीत बसते ती. बघून घ्या."

तो बघू लागला. मी इतकं मन लावून गाडी बघणारा माणूस नंतर पाहिला नाही. टाकी, साइलेन्सर, सीटखाली, सगळीकडे. एक तरी रेघ सापडावी असं त्याला फार वाटत असावं, कारण त्याने टाकलेल्या लाल गाडीला तिकडे ती बाई कुंकू लावत होती आणि त्याचेच सोबती मान वळवून ते बघत होते. काळीवर काही सापडेना. शेवटी त्याने नारळ परत मागून घेतला.

"फोडा," तो म्हणाला. "मुहूर्त जाईल."

चारही नारळ फुटले. थुंकी लावणाऱ्याने टाकी पुसून घेतली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "घाटात माझी कुणी धरली होती?"

"एका बाबांनी," मी म्हणालो.

"चांगली धरली का?"

"पोटच्या पोरासारखी."

तो समाधानाने गेला. मला बोलायची परवानगी असती तर मी याहून चांगलं सांगितलं असतं, पण हेही वाईट नव्हतं.

ताईला एजन्सी मिळाली. पाटी लागली. अण्णांचा झेंडू निम्मा ट्रॉलीत चुरगळला आणि उरलेला हातोहात संपला, तेव्हा उशा विकण्याचा त्यांचा हिशोब अगदीच चुकला असंही म्हणता येत नाही. पुढच्या दसऱ्याला मी मखमलाबादला ट्रॉली भरायला गेलो तर तिथे हरसूलची माणसं वाट बघत बसलेली. ताईची गिऱ्हाइकं. हातात गोधड्या.

"तुम्ही कशाला आलात? गाड्या तिकडे मिळतील."

"आपापली धरून न्यायची," त्यातला एक म्हणाला. "दुसऱ्यानं धरली की तो मागतो."

मग ती रीतच पडली. हरसूलकडे धरून आणलेली गाडी तेवढी नशिबाची, बाकीच्या नुसत्याच विकत घेतलेल्या, असं लोक म्हणू लागले. ताईने ते कधी खोडून काढलं नाही. मी तर बांधताना मुद्दाम एक दोर किंचित सैल ठेवू लागलो. माणसाला धरल्यासारखं वाटायला नको?

दोन हजार सालानंतर कंपनीचा बंद ट्रक थेट हरसूलला यायला लागला. आत लोखंडी चौकटी, रुंद पट्टे, खटका ओढला की पट्टा आपोआप घट्ट. मी एकदा ते सगळं तपासून पाहिलं. चांगलं आहे. शॉकअप दाबूनच बांधतात, माझीच पद्धत, फक्त मला कुणी विचारलं नाही. पण दसरा आला की ट्रक वाघेऱ्याला अडवला जातो आणि माणसं आत चढतात. ट्रकचा ड्रायव्हर ताईकडे तक्रार घेऊन आला, की मॅडम, गाड्या हलूच शकत नाहीत, ही माणसं काय धरतात? ताई म्हणाली, "तुम्ही चहा घ्या."

अशाच एका दसऱ्याला मी हौसेने त्या ट्रकबरोबर गेलो होतो. घाटाशी दार उघडलं आणि ती उंच बाई चढली. लाल गाडी अजून चालत होती, आता धाकट्या दिरासाठी दुसरी घेतली होती. आतमध्ये एकसारख्या काळ्या गाड्यांची रांग. तिने चौकशी करून आपली शोधली आणि टाकीला मिठी मारली. हातात बांगड्या, हिरव्याच.

मी म्हणालो, "वहिनी, या वेळी बांगड्या तरी काढून ठेवा."

"का?" ती म्हणाली. "मग एवढ्या काळ्यांत आमची कोणती, हे कळायचं कसं?"